सुवर्णक्रयविलंबमीमांसा

प्रकरण पहिले: अनुबंधचतुष्टय

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार अनुबंधांचे निरूपण करावे, असा पूर्वसूरींचा दंडक आहे. तो पाळणे प्रस्तुत लेखक आपले कर्तव्य समजतो.

या शास्त्राचा विषय सोने नव्हे. सोन्याविषयी रसायनवेत्ते, अर्थमंत्री, दरोडेखोर आणि वधूमाता यांनी विपुल चिंतन केलेले असून त्यात भर घालण्यास जागा उरलेली नाही. विषय आहे तो सोने घ्यायचे ठरल्यानंतरचा आणि सोने घेण्यापूर्वीचा काळ. ‘यंदा काहीतरी सोनं करून ठेवू’ हा संकल्प घरात प्रथम उच्चारला जातो, त्या क्षणापासून सराफाच्या पेढीवर गुलाबी कागदाची पुडी हातात पडते त्या क्षणापर्यंतचा हा अवकाश कधी एका दुपारचा, तर कधी एका पिढीचा असतो. त्याचे मापन वा वर्गीकरण आजवर झालेले नाही.

प्रयोजन हे की, अशा अवकाशात अडकलेल्या कुटुंबास आपण कोणत्या प्रकारात मोडतो याचे ज्ञान व्हावे. सुटका हे प्रयोजन नाही. संबंध प्रतिपाद्य-प्रतिपादकभावाचा. अधिकारी मात्र काटेकोरपणे सांगितला पाहिजे. ज्याच्यापाशी द्रव्य आहे, ज्याला सोने हवे आहे, ज्याच्या गावापासून पेढी एका एस.टी.च्या अंतरावर आहे आणि तरीही ज्याने ते अद्याप घेतलेले नाही, तोच या शास्त्राचा अधिकारी होय.

क्षेत्र म्हणून उरण-करंजापासून मांडवा, किहीम, अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरूड, दिवेआगर व श्रीवर्धन यांवरून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगडचा किनारा निवडला आहे. या निवडीस कारण आहे. येथे द्रव्य तीन भिन्न मार्गांनी आणि तीन भिन्न गतींनी घरात येते: समुद्रातून अनियमित, वाडीतून वार्षिक आणि गुंठ्यातून आयुष्यात एकदा. सुवर्णक्रयाच्या गतीवर द्रव्यागमाच्या गतीचा काय परिणाम होतो, हे अभ्यासण्यास याहून अनुकूल भूमी दुर्मीळ आहे. परिणाम होत नाही, हे पुढे दिसेलच.

प्रकरण दुसरे: लक्षण आणि पदकृत्य

लक्षण असे: क्रयसामर्थ्यक्रयेच्छोभयविशिष्टः क्रयाभावो विलम्बः। म्हणजे विकत घेण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही असताना विकत न घेणे, तो विलंब.

आता प्रत्येक पदाचे सार्थक्य पाहू. ‘क्रयसामर्थ्य’ हे पद वगळले असता ज्याच्यापाशी पैसाच नाही त्याच्या ठिकाणी लक्षण जाऊन अतिव्याप्तीचा दोष येईल. त्याचे न घेणे हा विलंब नसून परिस्थिती आहे. ‘क्रयेच्छा’ हे पद वगळले असता हरिहरेश्वरी आलेला संन्यासीही विलंबकर्ता ठरेल. ‘क्रयाभाव’ या पदाविषयी मात्र तज्ज्ञांत गंभीर मतभेद आहे. नैयायिकांच्या परिभाषेत वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव आणि वस्तू कोणत्याच काळी नसणे हा अत्यंताभाव. कुटुंबप्रमुखाच्या मते घरातील नियोजित पाटल्यांचा सध्याचा अभाव हा प्रागभाव आहे, पाटल्या येणारच आहेत. त्याच्या पत्नीच्या मते तो अत्यंताभाव आहे. बाहेरून पाहता दोहोंत काहीही फरक दिसत नसल्याने प्रत्यक्ष प्रमाणाने हा वाद मिटवता येत नाही. मोडून होडीच्या इंजिनात घातलेल्या गोठांचा जो अभाव, तो प्रध्वंसाभाव होय. तो प्रस्तुत शास्त्राच्या बाहेरचा आहे, परंतु घरातल्या चर्चेच्या बाहेर कधीच नसतो.

प्रकरण तिसरे: पूर्वेतिहास

या किनाऱ्याचे सुवर्णाशी नाते प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत चौलचा उल्लेख ‘सेमिल्ला’ या नावाने येतो. त्याच शतकात प्लिनी या रोमन पंडिताने तक्रार नोंदवली की, हिंदुस्थान दरवर्षी रोमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो. प्लिनीस या शास्त्राचा आद्य प्रतिपक्षी मानावे लागेल, कारण हे लोक फार वेगाने सोने घेतात असे त्याचे म्हणणे होते. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर विलंबाची परंपरा रुजलेली नसावी, असे अनुमान त्यावरून निघते.

एकरकमी क्रयाचे पुरस्कर्ते १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकप्रसंगी झालेल्या शिवछत्रपतींच्या सुवर्णतुलेचा दाखला देतात. हा दाखला ग्राह्य नाही. तुला हे दान आहे, क्रय नव्हे. शिवाय तुलेत भाव विचारला जात नाही.

विलंबास राजमान्यता मिळाली ती स्वातंत्र्योत्तर काळात. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. १९६८ साली त्याचा कायदा झाला, १९९० साली तो रद्द झाला. या सुमारे सत्तावीस वर्षांत ‘सध्या नको, कायदा कडक आहे’ हे वाक्य घराघरांत रूढ झाले. कायदा गेला, वाक्य राहिले. त्यातील ‘कायदा’ या पदाच्या जागी पुढील पिढीने ‘भाव’ हे पद योजले, इतकेच.

दिवेआगर येथे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका सुपारीच्या वाडीत, भूमीखालील तांब्याच्या पेटीत, गणेशाचा सुवर्णमुखवटा सापडला. त्याचा पुढील दुःखद इतिहास न्यायालयाचा विषय असल्याने येथे वर्ज्य आहे. शास्त्रास अभिप्रेत मुद्दा एवढाच की, हे सुवर्ण क्रयाविना प्राप्त झाले. त्यानंतर पंचक्रोशीत काही काळ एक अल्पजीवी मत प्रचलित झाले होते, त्यास ‘उत्खननवाद’ म्हणता येईल. त्याचे अनुयायी विकत घेण्याऐवजी आळी खोल खणू लागले. सुपारीच्या झाडांना त्याचा फायदा झाला.

प्रकरण चौथे: मानविचार, अथवा तोळाद्वैत

प्रमाण ठरवण्यापूर्वी मान ठरवावे लागते. जुन्या कोष्टकानुसार आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. हा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजच्या व्यवहारातील तोळा मात्र निखळ १० ग्रॅमचा आहे. दोहोंचे नाव एकच.

यावरून दोन दर्शने निर्माण झाली. अद्वैतवाद्यांच्या मते तोळा एकच आहे, फरक भासमान आहे. द्वैतवाद्यांच्या मते दोन्ही तोळे सत्य असून परस्परांपासून भिन्न आहेत. आजीचा पाच तोळ्यांचा पोहेहार ५८.३ ग्रॅम भरतो. नातसुनेस घालायच्या पाच तोळ्यांच्या हाराचे ५० ग्रॅम होतात. उरलेले ८.३ ग्रॅम व्याख्येत गेले. विवाहाच्या बैठकीत मुलाकडचे द्वैती आणि मुलीकडचे अद्वैती असल्यास याद्या लांबतात, हे सर्वानुभवसिद्ध आहे.

प्रकरण पाचवे: विलंबाचे षड्विध वर्गीकरण

१. भावाश्रित विलंब. हा सर्वांत व्यापक. भाव उतरण्याची वाट पाहणे हे याचे स्वरूप. याच्या तीन उपजाती आहेत. भाव चढता असता ‘उतरू दे’ म्हणणारा पतनाकांक्षी. भाव उतरता असता ‘अजून उतरेल’ म्हणणारा अधिकपतनाकांक्षी. भाव स्थिर असता ‘काय ते एकदा ठरू दे’ म्हणणारा निश्चयाकांक्षी. चढता, उतरता व स्थिर यांवाचून भावाची चौथी अवस्था संभवत नाही. तस्मात् भावाश्रित विलंबात क्रयास अवकाश नाही. इति सिद्धम्.

या प्रमेयास इतिहासाची साक्ष आहे. १२ आणि १५ एप्रिल २०१३ या लागोपाठच्या दोन व्यवहारदिवसांत जागतिक बाजारात सोन्याचा भाव सुमारे एक अष्टमांशाने कोसळला. पतनाकांक्षी संप्रदायाची अनेक वर्षांची तपश्चर्या फळास आली. देशभर सराफांच्या दारी रांगा लागल्या, परंतु त्या रांगांत या संप्रदायाचे अनुयायी नव्हते. ते त्याच सायंकाळी अधिकपतनाकांक्षी झाले होते. २३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, भाव तोळ्यामागे हजारोंनी उतरला, तेव्हाही असेच घडले. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांस पोहोचला. १९७० साली तो सुमारे १८४ रुपये होता. त्या १८४ रुपयांसही ‘फार चढलाय’ म्हणून माघारी फिरलेले आजोबा या किनाऱ्यावरील बहुतेक प्रत्येक घराण्यात आढळतात. त्यांच्या नावाने आज जे बोलले जाते, तेच नातवाच्या नावाने पन्नास वर्षांनी बोलले जाईल. हा संप्रदाय आनुवंशिक आहे.

२. मुहूर्ताश्रित विलंब. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त. अक्षय्य तृतीया अर्धी व बलिप्रतिपदा पूर्ण, असा पाठभेदही आहे. अर्ध्या मुहूर्तावर निम्मेच सोने घ्यावे की पूर्ण सोने अर्ध्या मनाने घ्यावे, याविषयी ग्रंथ मौन बाळगतात, लोक दुसरा पक्ष स्वीकारतात. यांशिवाय धनत्रयोदशी आणि गुरुवारी पुष्य नक्षत्र आले असता होणारा गुरुपुष्यामृत योग. मुहूर्ताश्रित संप्रदायाचे वैशिष्ट्य असे की, मुहूर्ताच्या दिवशी गर्दी असते म्हणून घेतले जात नाही आणि इतर दिवशी मुहूर्त नसतो म्हणून. विजयादशमीस आपट्याचे पान देऊन ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणण्याची सोय शास्त्रकारांनी या संप्रदायासाठीच केली असावी. आपट्याच्या सोन्यास घडणावळ नाही, घट नाही, आणि ३ टक्के वस्तू व सेवा करही नाही.

३. ऋत्वाश्रित विलंब. रायगड किनाऱ्याने या शास्त्रास दिलेले हे मौलिक योगदान होय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या एकसष्ट दिवसांत नाखव्याच्या घरी द्रव्य येत नाही, जाते. जाळी, रंग, इंजिन. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्यास अर्पण होतो. कुटुंबाच्या वार्षिक सुवर्णव्यवहारातील हा पहिला आणि पुष्कळदा एकमेव हप्ता. पुढे पापलेट, कोळंबी लागली की आधी डिझेलची उधारी, मग बर्फवाला, मग खलाशांचा आगाऊ. ‘शिमगा होऊ दे’ या वचनाने फाल्गुन गाठला जातो. शिमगा होतो. मग लग्नसराईत दुसऱ्यांच्या घरी आहेर करावा लागतो आणि जून उजाडतो. वाडीवाल्यांचे चक्र निराळे. त्यांची सुपारी सोलून, वाळून विकली जाईतो पाडवा टळतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, ज्यांस २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या रस्त्याकडेला विकल्या जाईतो अक्षय्य तृतीया टळते. पिके भिन्न, विलंब एक.

४. तीर्थयात्राश्रित विलंब. ‘मुंबईला घडणावळ कमी पडते’ या श्रद्धेपोटी झवेरी बाजारास जाण्याचा संकल्प करून गावच्या पेढीत न जाणे. मार्च २०२० मध्ये मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो नौका सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. दोन्ही घटनांनी मुंबई जवळ आली आणि ‘जाऊ की, आता काय लांब आहे’ या वाक्यामुळे यात्रा दूर गेली. पूर्वी गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंद म्हणून निदान उरलेल्या महिन्यांत घाई असे. दळणवळण सुधारले की हा विलंब वाढतो, असा नियम यावरून मांडता येतो.

५. आप्ताश्रित विलंब. ‘भावोजींना विचारू’ हे याचे बीजवाक्य. भावोजी मुंबईत बँकेत असावेत, हा संकेत आहे, कोणत्या खात्यात हे विचारले जात नाही. न्यायशास्त्रात आप्तवाक्यास शब्दप्रमाण मानले आहे, आणि यथार्थ बोलणारा तो आप्त अशी व्याख्या आहे. भावोजी २०१८ पासून ‘सध्या थांबा’ असे सांगत आहेत.

६. मुद्राश्रित विलंब. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळखचिन्हावाचून दागिना विकता येत नाही. घरातील जुन्या सोन्यावर हे चिन्ह नसते. ते मोडून नवे करावे, तर घट लागेल, सोनार ‘डाग निघतील’ म्हणेल. न मोडावे, तर नव्याशी त्याचा जोड बसत नाही. या द्वंद्वात बोरमाळ कपाटात राहते. सासूबाई हयात असल्यास हा विलंब त्यांच्या आयुर्मर्यादेपर्यंत वाढतो, कारण मोडण्याचा शब्द काढणार कोण.

प्रकरण सहावे: मात्राविचार

कधी घ्यावे याचे विवेचन झाले. आता किती-किती करून घ्यावे.

महामात्रावाद. गुंठे विकून आलेली रक्कम एकदमच सोन्यात घालावी, असे हा पक्ष मानतो. अलिबाग तालुक्यातील सागरसन्निध गावांत आणि उरणच्या बाजूस तो बलवान आहे. आक्षेप असा: जानेवारी १९८० मध्ये औंसामागे ८५० डॉलरच्या शिखरावर ज्याने एकरकमी घेतले, त्याला तोच आकडा पुन्हा पाहण्यास २००८ उजाडावे लागले. उत्तर असे: तो अमेरिकेत होता. दरम्यान रुपयाच घसरत गेल्याने येथील धारकास एवढे थांबावे लागले नाही. आपल्या चलनाचे दुबळेपण असे क्वचित पथ्यावर पडते. महामात्रावाद्यांची खरी अडचण भावाची नसून भाऊबंदांची असते. रक्कम वाटणीत अडकली की वादीच प्रतिवादी होतात.

विभागवाद. रकमेचे तीन भाग करावेत. एक आज, एक भाव उतरल्यावर, एक अडीअडचणीस. तत्त्व निर्दोष आहे. व्यवहारात तिसरा भाग प्रथम खर्च होतो, दुसरा भाग भावाश्रित विलंबात प्रविष्ट होतो आणि पहिल्या भागासाठी मुहूर्त पाहिला जातो.

हप्तावाद. पेढीवर दरमहा ठरावीक रक्कम भरावी, अकरा हप्ते आपले, बारावा पेढीचा, वर्षाअखेर सोने. या संप्रदायात विलंबाचे पावतीपुस्तक मिळते. मात्र अकरा महिने पैसे भरूनही भाव बाराव्या महिन्याचा लागेल की भरल्या-भरल्या महिन्याचा, हे योजनेच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत असते, आणि ती बाजू बारावा महिना लागेपर्यंत उलटली जात नाही.

कणवाद. वैशेषिकांच्या परमाणुवादाशी याचे साधर्म्य आहे. अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम असे कण जमवावेत. दोष असा की, तुकडा जितका लहान, तितकी त्यावरील घडणावळ प्रमाणाने अधिक. अर्ध्या ग्रॅमच्या नाण्यातील घडाईचा भार दहा ग्रॅमच्या नाण्याहून जास्त पडतो. म्हणून कणवादी ‘एवढ्याशा तुकड्याला इतकी मजुरी’ म्हणून थांबतो आणि दोन ग्रॅमचे जमवू लागतो. दोन जमले की पाच घ्यावेसे वाटते. अशा रीतीने तो नकळत महामात्रावादी होतो, फक्त रकमेविना.

धारणमर्यादेचाही येथेच विचार करणे युक्त. आयकर खात्याच्या ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार झडतीत विवाहितेचे ५०० ग्रॅमपर्यंत, अविवाहितेचे २५० ग्रॅमपर्यंत व पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त होत नाहीत. ज्यांच्या घरी एकूण चार तोळे आहेत, ते या मर्यादेविषयी सर्वांत चिंतित आढळतात.

प्रकरण सातवे: प्रयोगनिरीक्षण

शास्त्रास प्रत्यक्षाचा आधार हवा म्हणून अलिबागच्या बाजारपेठेतील एका पेढीवर, गुरुपुष्यामृताच्या सकाळी, पुढील निरीक्षण नोंदवण्यात आले. ग्राहक दांपत्य, वय चाळिशीच्या अलीकडे, सोबत नऊ-दहा वर्षांची कन्या. कन्या काउंटरच्या काचेवर नाक टेकून उभी.

“शेट, काय भाव?” पुरुषाने पृच्छा केली.

“बावीसचा का चोवीसचा?”

“मोबाइलवर कमी दाखवतंय.”

“मग मोबाइलवाल्याकडं घ्या.”

येथे दीर्घ मौन. त्या अवकाशात पुरुषाने एक वळे हातात घेतले, तळव्यावर तोलले, ओठ पुढे काढले व ते परत मखमलीवर ठेवले. हा तोल विधीचा भाग असून त्यातून वजन कळत नाही.

“चार दिवसांनी येव,” तो पत्नीस म्हणाला. “उतरंल जरा.”

यावर पत्नीने उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे देतो: “पोर काय भाव बघून वाढतंय?”

प्रस्तुत वाक्य अल्पाक्षर, असंदिग्ध व सारवत् असल्याने सूत्रपदवीस पात्र आहे. त्याचे भाष्य असे. ‘पोर’ या पदाने येथे केवळ कन्या अभिप्रेत नसून काळ अभिप्रेत आहे. ‘भाव बघून’ हे क्रियाविशेषण असून त्याने भावाचे प्रामाण्य निषिद्ध केले आहे. ‘काय’ हे पद प्रश्नार्थक दिसले तरी येथे काकुवक्रोक्ती आहे, उत्तराची अपेक्षा नाही. समग्र अर्थ असा की, क्रयाचा काळ ठरवणारे तत्त्व भाव, मुहूर्त, ऋतू, मुंबई वा भावोजी यांपैकी एकही नसून ज्याच्यासाठी सोने करायचे ते माणूस होय. त्याची वाढ कोणत्याही फलकावर झळकत नाही व कोणत्याही अर्थसंकल्पाने उतरत नाही.

सोनाराने पंखा बंद केला. काचेच्या पेटीतल्या काट्यास वाराही सोसत नाही, तिसरा दशांश हलतो. आकडे थरथरले आणि ४.०१० वर स्थिर झाले. भिंगातून ओळखचिन्ह दाखवण्यात आले. पुरुषाने ते पाहिल्यासारखे केले. पत्नीने पाकिटातून दोन वेळा मोजलेल्या नोटा काढल्या, सोनाराने तिसऱ्यांदा मोजल्या, गुलाबी कागद झाला, वर पेढीची चिमुकली पिशवी झाली. पुरुष बिल पाहत राहिला. एकूण विलंब, पत्नीच्या माहितीनुसार, कन्येच्या वयाएवढा.

प्रकरण आठवे: अपवादचर्चा

एका गंभीर आक्षेपाचा परिहार राहिला आहे. या किनाऱ्याच्या प्रत्येक कोळीवाड्यात अशी एक स्त्री असते की, जी पहाटे लिलावात टोपली उचलते, दुपारपर्यंत बाजारात मासळी संपवते आणि संध्याकाळी जे उरते त्यातून महिना-दोन महिन्यांनी सोनाराकडे जाऊन एखादे वेढणे घेऊन येते. भाव विचारते, पण उत्तर ऐकून परत फिरत नाही. गुरुवार की शनिवार हे पाहत नाही. कणवादातील घडणावळीचा दोष तिला ठाऊक आहे, “मजुरी काय, तो पण पोटासाठीच बसलाय” एवढे तिचे त्यावरील विवेचन. लग्नाकार्यात गावातले खरे सोने तिच्या अंगावर दिसते, आणि होडीचे इंजिन बसले की नाखवा तिच्याच दाराशी येतो.

आक्षेपक विचारतात, या स्त्रीस कोणत्या संप्रदायात बसवावे? उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या प्रकरणात अधिकाऱ्याचे चौथे लक्षण ‘तरीही ज्याने अद्याप घेतलेले नाही’ असे सांगितले आहे. तिने घेतले आहे. तस्मात् तिला या शास्त्रात अधिकार नाही. तिच्याविषयी विलंबमीमांसा काही सांगू शकत नाही आणि तीही विलंबमीमांसेविषयी काही सांगू इच्छित नाही.

यावरून कोणी असा कुतर्क काढील की, किनाऱ्यावरील बहुतांश सोने ज्यांच्यापाशी आहे ते सर्व या शास्त्राच्या कक्षेबाहेर आहेत आणि जे कक्षेत आहेत त्यांच्यापाशी सोने नाही. हे विधान सत्य आहे, परंतु दोष नव्हे. शास्त्राचा विषय सोने नाही हे आरंभीच सांगितले आहे. उलट, यावरून वर्गीकरणाची निर्दोषता सिद्ध होते. लक्षण जेथे जायला हवे तेथे गेले आहे आणि जेथे जायला नको तेथे एक गुंजही गेलेले नाही.

प्रकरण नववे: सिद्धांतसंग्रह व फलश्रुती

सारांशरूपाने पाच सूत्रे:

१. भाव हा विलंबाचे कारण नसून निमित्त आहे.
२. मुहूर्त साडेतीन असले तरी सबबी अनंत आहेत.
३. थोडे-थोडे घेण्याचा निश्चय एकदम करता येतो. थोडे-थोडे घेणे मात्र थोडे-थोडेच करावे लागते.
४. तोळा कोणताही धरावा, पण बैठकीपूर्वी धरावा.
५. पोर भाव बघून वाढत नाही.

फलश्रुती. जो हे शास्त्र गुढीपाडव्यास वाचेल, त्यास अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबण्याचे सबळ कारण मिळेल. जो ते अक्षय्य तृतीयेस वाचेल, त्यास दसऱ्यापर्यंत. जो पेढीच्या पायरीवर उभा राहून वाचेल, त्यास आत जाण्यापूर्वी भावोजींना एक फोन करावासा वाटेल. जी मात्र हे शास्त्र न वाचता, मासळीची टोपली रिकामी करून, थेट आत जाईल, तिला एक वेढणे मिळेल.

इति रायगडसागरतटविषये सुवर्णक्रयविलंबमीमांसा समाप्ता।